शनिवारची सुई

सातवीच्या वर्गात भारताचा नकाशा टांगून मी मुलांना कर्कवृत्त दाखवत होते. आमच्या शाळेच्या नकाशावर ती रेघ लाल होती, भोपाळच्या डोक्यावरून गेलेली. खडूची धूळ गेली म्हणून मी उजवा डोळा चोळला, तर रेघ तशीच लाल. मग डावा डोळा मिटला आणि रेघ विटलेल्या मातीच्या रंगाची झाली. मी पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. पुढच्या बाकावरच्या मुलींना वाटलं मी डोळे मिचकावतेय. त्या हसल्या. मीही हसले आणि छडी नकाशावर पुढे सरकवली.

आम्ही तेव्हा भोपाळलाच, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. नवरा ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंग विभागात इंजिनिअर, मी टाउनशिपच्याच शाळेत भूगोल शिकवणारी, मुलगी त्याच शाळेत. दोघंही नाशिककडचे. लग्नानंतर इथे आलो तेव्हा चार-पाच वर्षांत परत जाऊ असं म्हणत होतो आणि मग ते म्हणणंच विसरून गेलो. क्वार्टरच्या मागे पेरूचं झाड, पुढे बोगनवेल, दिवस कारखान्याच्या भोंग्यावर कापलेला. सगळं ठरल्या वेळी व्हायचं. त्यामुळे माझ्या शरीरात काही ठरल्याप्रमाणे होत नाहीये हे मला बरेच दिवस कुणाला सांगावंसंही वाटलं नाही. डोळा आपोआप सुधारला. काही महिन्यांनी डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली आणि मागे राहिलेल्या चपलेचा पत्ता मला मागून येणारी माणसं सांगायला लागली.

महाराणा प्रताप नगरात, कोचिंग क्लासेसच्या पाट्यांच्या गर्दीत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मेंदूच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोकाने पांढरे ठिपके दाखवले.

"मल्टिपल स्क्लेरोसिस," ते म्हणाले. "शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडते. का, ते नीट कुणाला माहीत नाही."

"बरं होतं?" नवऱ्याने विचारलं.

"बरं होत नाही. पण झटके कमी करता येतात. आठवड्यातून एक इंजेक्शन, मांडीत. घरीच घ्यायचं."

मग त्यांनी त्रास काय काय होतील ते सांगितलं. सुई घेतल्यावर फ्लूसारखा ताप, थंडी, अंगदुखी. पहिले काही महिने जास्त, मग कमी. लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्त तपासत राहायचं. आणि अगदी शेवटी, पेनाला टोपण लावत, "मूडकडे लक्ष ठेवा."

खाली येऊन स्कूटरवर बसताना आम्ही ताप आणि लिव्हर एवढंच घेऊन निघालो. मूड हा शब्द तेव्हा आमच्या घरात फार किरकोळ कामांसाठी वापरला जायचा. आज पोह्यांचा मूड आहे, आज अभ्यासाचा मूड नाही, असा.

औषध कारखान्याच्या हॉस्पिटलमधून मिळायचं. तिथल्या केरळच्या सिस्टरनी नवऱ्याला सुई कशी धरायची ते शिकवलं आणि घरी येऊन त्याने मोसंबीवर सराव केला. मोसंबी हातात घेऊन, कपाळावर आठ्या घालून, टेस्टिंगला उभा असल्यासारखा तो टेबलाशी उभा राहायचा. मुलीला त्याची फार गंमत वाटली. पाणी भरलेली ती मोसंबी तिने शेजारच्या मैत्रिणीला दाखवायला नेली.

सुईसाठी आम्ही शनिवार निवडला. शनिवारी शाळा अर्धी असायची, आणि रविवार पडून राहायला हाताशी. पहिल्या शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने फ्रिजमधून खोका काढला, औषध जरा वेळ बाहेर ठेवलं, मांडी स्पिरिटने पुसली आणि म्हणाला, "बघ तिकडे." मी खिडकीकडे बघितलं. काही कळलंसुद्धा नाही. "झालं?" "झालं." आम्ही चहा केला. मी त्याला म्हणाले, "तुम्ही हात मस्त बसवलाय हो," आणि तो लाजला.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मी दूध तापवत होते. हातातली सांडशी भांड्यावर वाजायला लागली. आधी मला वाटलं भांडंच हलतंय. मग दात वाजायला लागले. नवऱ्याने मला पलंगावर आणलं, रजई घातली, तिच्यावर दुसरी घातली, आणि तरी माझे गुडघे आपोआप पोटाशी येत होते. हाडं आतून कुणी दाबून बघतंय असं दुखत होतं. मुलगी दारात उभी होती. तिच्या हातात तिची स्वतःची छोटी गोधडी होती. ती आत यायला धजत नव्हती. तिने ती बाबांच्या हातात दिली आणि निघून गेली.

रविवार असाच गेला. सोमवारी मी वर्गात उभी होते. मंगळवार, बुधवार बरे असायचे. गुरुवारपासून शनिवार किती लांब आहे ते मी मोजायला लागायचे आणि शुक्रवारी स्टाफरूममध्ये कुणी हातावर सॅनिटायझर चोळलं तरी त्या वासाने मला उबळ यायची. मुलगी शनिवारी दुपारी मैत्रिणीकडे खेळायला जायला लागली. मी तिला कधी थांबवलं नाही. नवरा दर वेळी विचारायचा, "डावी की उजवी?" आणि मी हाताने दाखवायचे. मांड्यांवर निळे-पिवळे डाग एकमेकांत मिसळले होते.

दवाखान्यातच मला ताई भेटली. म्हणजे मी तिला ताई म्हणायचे, ती माझ्यापेक्षा बरीच मोठी होती. तिच्याही मांडीवर तसलीच निळी थंड पिशवी होती, जिच्यात आम्ही औषध नेतो-आणतो. तिने माझ्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, तुझीपण सासू फ्रिजमध्ये राहते का?"

ती मूळची उज्जैनची, तिथल्या जुन्या मराठी घरातली, बँकेत नोकरीला. कोलार रोडला नव्या कॉलनीत घर बांधून नवऱ्याबरोबर राहत होती. मुलगा बाहेरगावी. तिचं मराठी आमच्यापेक्षा वेगळं होतं. 'मी गेले'च्या ऐवजी ती 'मी गेली' म्हणायची आणि मध्ये मध्ये हिंदी बिनधास्त घालायची. तिचाही वार शनिवारचाच निघाला. मग दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा.

"काय गं, चढला का बुखार?"

"चढला."

"माझापण. एकदम फर्स्ट क्लास. रात्रभर मी यांच्या अंगावर कुडकुडत होती. हे म्हणाले, भूकंप आला." आणि ती हसायची. तापात, उशीत तोंड खुपसून मीही हसायचे. त्या काळात दुसऱ्या कुणाशी बोलून मला इतकं बरं वाटलेलं आठवत नाही.

काही महिन्यांनी ताप उतरणीला लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. थंडी वाजायची ती नुसती कणकण झाली, मग कणकणही कधी यायची कधी नाही. रक्ताचे रिपोर्ट चांगले होते. नवा एमआरआय जुन्यासारखाच होता, म्हणजे आजार पुढे सरकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "छान चाललंय." नवऱ्याने परत येताना वाटेत जिलेबी घेतली. घरात सगळ्यांनी श्वास सोडला. मुलगी शनिवारी पुन्हा घरी राहायला लागली.

त्याच सुमाराला दुसरं काहीतरी घरात शिरलं, आणि त्याने दार वाजवलं नाही.

मला आठवतं त्याप्रमाणे सुरुवात पेरूंनी झाली. मागचं झाड त्या वर्षी भरून आलं होतं. एरवी मी पेरू उतरवून शेजारीपाजारी वाटायचे, कोशिंबीर करायचे. त्या वर्षी ते खाली पडत राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघायचे. पोपटांनी टोचलेले, फुटलेले, मुंग्या लागलेले. त्यांच्यापर्यंत जायला दहा-वीस पावलं पडली असती. ती टाकावीत असं मला वाटत नव्हतं, आणि टाकली नाहीत याचं वाईटही वाटत नव्हतं.

मराठी मंडळाच्या गणपतीत मी दर वर्षी मुलांची प्रश्नमंजूषा घ्यायचे. त्या वर्षी मंडळाच्या बायका विचारायला आल्या तेव्हा मी म्हणाले, पाय साथ देत नाही. पाय चांगला होता. पहाटे पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या कितीतरी आधी मला जाग यायची आणि मी छताकडे बघत पडायचे. जेवणाला चव नव्हती, पण मी जेवायचे. वर्गात शिकवायचे, माझ्या तोंडून नद्यांची नावं बरोबर क्रमाने यायची. कुणी काही विनोद केला की कुठे हसायचं ते मला कळायचं आणि मी हसायचे.

एका दुपारी मुलगी वेणी घालून घ्यायला माझ्यापुढे बसली होती. ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"आई, तू माझ्यावर रागावलीयेस?"

"नाही गं."

"मग तू अशी का बघतेस?"

"कशी?"

तिने खांदे उडवले. "मी नसल्यासारखी."

मी वेणी पुरी केली आणि रिबीन बांधली. तिच्या बोलण्याने काळजाला काही व्हायला हवं होतं. मी वाट बघितली. काही झालं नाही.

आणि मग ते वाक्य आलं. मी दोरीवरचे कपडे घडी घालत होते, ऊन चांगलं होतं, शेजारच्या क्वार्टरमध्ये कुकर वाजत होता. 'माझ्याशिवाय या दोघांचं सुटसुटीत होईल.' त्या वाक्यात रडणं नव्हतं, घाबरणं नव्हतं. गणिताचं उत्तर यावं तसं ते आलं आणि बरोबर वाटलं. मी उरलेले कपडे घडी घातले.

त्यानंतर मी कामाला लागले. मुलीला वरणभात शिकवला. मीठ किती, हिंग कधी, भाताला पाणी बोटाच्या कुठल्या पेरापर्यंत. नवऱ्याला लोकरीचे कपडे कुठल्या ट्रंकेत आहेत ते दाखवलं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, धणे, जिरे, गोडा मसाला, आणि त्यावर माझ्या फळ्यावरच्या अक्षरात नावं लिहिली. नवरा ऑफिसातून आला, डबे बघितले आणि खूश झाला. "बरं वाटायला लागलंय तुला," तो म्हणाला. "घरात लक्ष घालायला लागलीस." मी हो म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं, की मी बरी होतेय. मन इतकं शांत कधीच नव्हतं.

ताईचे फोन एव्हाना कमी झाले होते. आधी ती थोडं बोलून ठेवून द्यायची. मग तिचे यजमान उचलायला लागले. "ती झोपलीय जरा." पुढच्या रविवारी पुन्हा, "झोपलीय." मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, कारण मलाही कुणाशी बोलायचं नसायचं. पण शाळेला सुट्टी असलेल्या एका आडवारी, घर रिकामं असताना, मला वाटलं एकदा तिला बघून यावं. निरोप घ्यावा असं मनात होतं का? आता विचार केला तर वाटतं, होतं. तेव्हा मी त्याला काही नाव दिलं नाही.

मी मिनीबसने कोलार रोडला गेले. तिची कॉलनी तेव्हा अर्धी उभी होती, अर्धी पायातच होती. वाळूचे ढीग, उघड्या सळ्या, उन्हात पांढरा पडलेला रस्ता. कुठेतरी फरशी कापण्याचं यंत्र चालू होतं आणि त्याचा आवाज दाताच्या मुळाशी लागत होता. दार तिच्या यजमानांनी उघडलं. रिटायर झालेले, अबोल गृहस्थ. त्यांच्या चेहऱ्यावर मला बघून एवढी सुटका दिसली की मी क्षणभर दारातच थांबले.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "माझ्याशी तर ती बोलतच नाही."

ताई आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती. पडदे ओढलेले, टीव्ही चालू पण आवाज बंद. केस विंचरलेले नव्हते. दवाखाना दणाणून सोडणारी ती बाई मला बघून उठली, खुर्चीला धरून, आणि म्हणाली, "चहा करते." मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

ओट्यावरच्या फळीवर डबे होते, आणि सगळ्या डब्यांवर नव्या कागदाच्या पट्ट्या होत्या. हळद. मिरची पावडर. शेव. तिच्या बँकेतल्या गोल, सुबक अक्षरात.

मी तिथेच थबकले.

"ताई, हे कशाला?"

"यांना काही सापडत नाही ना. चमचा कुठे, ते नाही माहीत." ती चहाची पूड मोजत होती, माझ्याकडे न बघता. "मी नसली तर हाल होतील. पण तसं बघ, माझ्याशिवाय सुटसुटीत होईल यांचं. मुलाकडे जाऊन राहतील."

यंत्र बाहेर थांबलं होतं. चहाचं पाणी उकळत होतं. मला आधी फक्त तो शब्द ऐकू आला, सुटसुटीत. तो माझा शब्द होता. मी तो कुणालाही सांगितला नव्हता. तिच्यात आणि माझ्यात काय सारखं होतं? तिचा मुलगा मोठा, माझी मुलगी शाळेत. ती उज्जैनची, मी नाशिकची. ती बडबडी, मी घुमी. तिचा नवरा वेगळा, माझा वेगळा. तरी दोघींच्या घरी तेच वाक्य, तितक्याच शांतपणे, येऊन बसलं होतं, आणि दोघींनी डब्यांवर नावं लिहिली होती. मी फ्रिजकडे बघितलं. दोघींच्या घरात सारखी असलेली गोष्ट त्याच्या आत होती.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. कित्येक महिन्यांत मला काहीच वाटलं नव्हतं, आणि आता मानेपासून खालपर्यंत भीती वाटली. मी गॅस बंद केला.

"ताई, मलापण हेच वाटतं."

"काय?"

"हेच. सुटसुटीत होईल. आमच्या डब्यांवरपण मी पट्ट्या लावल्यात."

तिने चहाच्या पुडीचा डबा खाली ठेवला. माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "तू तर लहान आहेस गं."

"ते आपल्याला वाटत नाहीये ताई. ते औषधामुळे होतंय."

तिला ते पटलं की नाही मला कळलं नाही. मला स्वतःलाही ते पूर्ण पटलं नव्हतं, कारण वाक्य अजून तितकंच खरं वाटत होतं. फक्त ते कुठून आलंय याचा मला संशय आला होता. मी बाहेर जाऊन तिच्या यजमानांना सांगितलं, आज तिला एकटं सोडू नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन लावा. ते घाबरून उभे राहिले, मग काही न विचारता फोनकडे गेले. त्यांचं झाल्यावर मी कारखान्यात फोन लावला.

"अहो, मला घ्यायला या. कोलार रोडला."

"काय झालं? पाय?"

"या तुम्ही."

तो कामाच्या वेळेत कारखान्यातून कधी निघालेला मला आठवत नाही. त्या दिवशी तो सेफ्टी शूज न बदलता आला. ताईच्या घरात बोलता येईना, म्हणून आम्ही स्कूटर घेऊन निघालो आणि मेन रोडला एका निंबाखाली मी त्याला थांबायला सांगितलं. ट्रक जात होते. मी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघत सांगितलं. वाक्य सांगितलं. त्याच्याआधीचे महिने सांगितले. ताईचं सांगितलं.

तो हेल्मेट हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ते डबे..."

"हो."

"आणि वरणभात."

"हो."

त्याचा चेहरा माझ्यासमोर पार उतरला. त्याने स्कूटरच्या सीटवर हात टेकला. "मी खूश झालो होतो," तो म्हणाला. मग त्याने हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं, स्वतः पट्टा लावला, आणि आम्ही तसेच महाराणा प्रताप नगरला गेलो.

डॉक्टरांनी आधी मला तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. झोप, भूक, मरणाचे विचार येतात का, काही ठरवलंय का. मी खरं सांगितलं. त्यांनी समोरचे कागद बाजूला ठेवले.

"इंजेक्शनमुळे असू शकतं," ते म्हणाले. "खात्रीने सांगता येणार नाही, हा आजारही मेंदूतच आहे, त्यानेही होतं. पण ते शोधत बसायची ही वेळ नाही. सुई आजपासून बंद." त्यांनी तिथूनच मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन केला. आणि नवऱ्याला सांगितलं की पुढचे काही आठवडे मला घरात एकटं ठेवायचं नाही, मी हसले-बोलले तरी नाही. फ्रिजमधल्या उरलेल्या सुया नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात परत दिल्या.

लगेच काही झालं नाही. वाक्य येतच राहिलं, कधी अंघोळ करताना, कधी वही तपासताना. फरक एवढाच की आता ते आलं की मी नवऱ्याला सांगायचे, "आलं." तो म्हणायचा, "बरं. बस इथे." आणि आम्ही बसायचो. मानसोपचाराच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं. नाशिकहून माझी आई येऊन राहिली. ती दिवसभर माझ्या आसपास लसूण सोलत असायची, इतका की तो कुणी खाल्ला नसता.

मग एका रात्रीच्या जेवणाला मुलीने वरण केलं होतं. मी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "खारट झालंय."

सगळे थांबले. मुलीने माझ्याकडे बघितलं. तिचा ओठ थरथरला आणि मला वाटलं तिला लागलं. पण ती म्हणाली, "गेले किती दिवस खारटच होत होतं. तू काही बोलतच नव्हतीस." आणि ती ताटावर रडायला लागली. मी उठून तिला जवळ घेतलं. या वेळी काळजाला झालं, आणि चांगलंच झालं.

ताईला काही दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तीही त्यातून बाहेर आली, पण सावकाश, आणि त्याच वर्षात आजाराच्या पुढच्या झटक्याने तिचे पाय गेले. कोलार रोडचं घर भाड्याने देऊन ती दोघं उज्जैनला भावाकडे गेली. जायच्या आधी मी तिला भेटायला गेले तेव्हा ती व्हीलचेअरवर होती. मी सामान बांधलेल्या खोलीत तिच्यापुढे जमिनीवर बसले. ती म्हणाली, "पायांचं मला काही नाही वाटत. खरंच. ते दुसरं होतं ना, ते परत यायला नको." मी म्हणाले, "आलं तर मला फोन कर." ती म्हणाली, "आणि तूपण." हे आम्ही फार गंभीरपणे ठरवलं, एखादा व्यवहार ठरवावा तसं. त्या व्यवहारात दोघींनीही आजवर टाळाटाळ केलेली नाही.

सुई बंद झाल्यावर माझाही आजार गप्प बसला नाही. काही महिन्यांत डावा पाय पुन्हा गेला, स्टेरॉइडच्या बाटल्या लागल्या, आणि पाय आला तो पूर्वीइतका आला नाही. मी वर्गात खुर्चीवर बसून शिकवायला लागले. डॉक्टरांनी दुसरं औषध काढलं. तेही इंजेक्शनच, पण वेगळ्या जातीचं, रोज घ्यायचं, कातडीच्या खाली. "मनावर याचा तसा परिणाम दिसत नाही," ते म्हणाले. नवऱ्याने विचारलं, "मग कशावर दिसतो?" या वेळी आम्ही एकेक शब्द ऐकून घेतला. जिथे सुई टोचू तिथे गाठी येतील. काही वर्षांनी तिथली चरबी झडून कातडीला खड्डे पडतील. आणि कधीतरी, एखाद्याला, सुई घेतल्या घेतल्या छाती आवळल्यासारखी होते, चेहरा तापतो, धडधडतं. पहिल्या दिवशी होईल असं नाही, वर्षानंतरही होऊ शकतं. बहुतेक वेळा आपोआप जातं.

"बहुतेक म्हणजे?" नवरा म्हणाला.

"बहुतेक म्हणजे बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागतच राहिला, तर थांबू नका, हॉस्पिटल गाठा."

आम्ही हे मुलीलाही सांगितलं. ती तोवर नववीत गेली होती. तिच्यापासून काही लपवायचं नाही हे आम्ही त्या वर्षात शिकलो होतो.

महिने गेले. गाठी आल्या, खाज आली, मांडीला पहिला खड्डा पडला. छातीचं काही झालं नाही. पण रोज सकाळी सुई काढून घेतल्यावर मी काही क्षण तशीच बसायचे, कान देऊन, कुणी जिना चढतंय का ऐकावं तशी.

एका सकाळी चढलं. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. मी पलंगाच्या कडेला बसून पोटावर सुई घेतली, कापूस दाबला, आणि पोटातून एक ऊब वर यायला लागली. ती गळ्यापर्यंत आली तेव्हा तिचा जाळ झाला होता. कान पेटले. छातीवर कुणी गुडघा रोवला. हृदय इतक्या जोरात उडायला लागलं की गाऊनवरचं बटण हलताना दिसत होतं. मी हाक मारली ती मला स्वतःलाच ऐकू आली नाही, पण मुलगी आली. युनिफॉर्ममध्ये, एक मोजा हातात.

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि कुठेही पळाली नाही. ती माझ्यासमोर फरशीवर बसली आणि माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता. तिने माझे दंड बघितले, गळा बघितला, गांधी आल्यात का ते. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय, जातं हे."

मला बोलता येत नव्हतं.

"बोलू नकोस. मी बघतेय. नाही गेलं तर मी शेजारच्या काकांना उठवणार आहे, त्यांची गाडी आहे. पण जाईल."

तिचा आवाज सरळ होता, पण तिच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. बाहेर शाळेची बस वळणावर आली, हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि बस निघून गेली. ती उठली नाही. मी तिच्या हातातल्या मोज्याकडे बघत राहिले, पांढरा, टाचेपाशी रफू केलेला. त्या मोज्याच्या धाग्यांवर मी माझं सगळं लक्ष ठेवलं. मरण्याची मला त्या वेळी विलक्षण भीती वाटत होती. मला जगायचं होतं, इतक्या जोरात की छातीतलं दुखणं आणि ते एकच झालं होतं.

गुडघा हळूहळू उचलला गेला. आधी श्वास आला, मग कान गार झाले. मुलीने तरी मनगट सोडलं नाही.

"गेलं?" तिने विचारलं.

"गेलं."

"नक्की?"

"बहुतेक."

ती एकदम हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. तिने ते मोज्यानेच पुसले. मग म्हणाली, "उद्या परत घ्यायची आहे का ही?"

"घ्यायची आहे."

तिने मान हलवली. शाळा दोघींचीही बुडाली होती. मग ती मोजा घडी करून खिशात घालून उठली आणि मला धरून उभं करताना म्हणाली, "बाबांना मी सांगते. तू सांगितलंस तर ते घाबरतील."